पाय थांबू न देणारी सायकल

माझा दीर नगरहून आला तेव्हा त्याच्या खांद्यावर सायकलचा सांगाडा होता. चाकं नव्हती. एस.टी.च्या टपावर टाकून त्याने तो फाट्यापर्यंत आणला होता आणि तिथून घरापर्यंत खांद्यावर. ज्या माणसाला स्वतःचा डावा पाय हाताने उचलून पुढे टाकावा लागतो, तो फाट्यापासून सायकल उचलून आणतो हे मला पटेना. मी गिरणीचं इंजिन बंद केलं, पदराने तोंडावरचं पीठ पुसलं आणि बाहेर आले.

"धरून बघा, वैनी," तो म्हणाला.

मी धरला. दळणाचा रिकामा डबा उचलावा तसा सांगाडा वर आला. तिथेच मला पहिली शंका आली. लोखंडाची वस्तू हलकी लागली तर ती आतून खाल्लेली तरी असते, नाही तर तिच्यात काहीतरी लबाडी असते. मी तो भिंतीला टेकवला आणि नीट पाहिला. ब्रेक नव्हते, आणि ब्रेक बसवायला भोकंही नव्हती. मडगार्डची जागा नव्हती, कॅरिअरची नव्हती. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. पायडलांना चामड्याचे पट्टे. ग्रामपंचायतीचा सायकल-कराचा बिल्ला कधी लावला असेल अशी एक खूणही कुठे नव्हती. हिरवा रंग दिला होता, त्याच्या खालून निळा डोकावत होता.

"कुनाची चोरून आनली?" मी विचारलं.

"मी न्हाई चोरली."

"तू न्हाई. ज्यानं तुला इकली त्यानं."

भंगारवाल्याने त्याला सांगितलं होतं की ही लष्कराच्या कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाची, गोल मैदानात शर्यत खेळायची सायकल. त्या मैदानाला ताटाच्या काठासारखा उतार असतो म्हणे, आणि त्यावर नुसतं फिरायचं. बिल्ला नको, घंटी नको, ब्रेक नको. साहेब गेला, चाकं कोणी तरी नेली, सांगाडा राहिला. मला यातलं काही खरं वाटलं नाही. भंगारवाल्याकडे आलेली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या साहेबाचीच असते.

पण दीर इतका मूर्ख नव्हता, हेही मला माहीत होतं. त्याने त्यापायी आपली शेळी विकली होती. चारा नव्हताच, शेळी आज ना उद्या जाणारच होती, तरी ती त्याची होती. म्हणून मी त्याला आधी भाकरी वाढली आणि मग सगळं विचारून घेतलं.

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. साल बदलून त्र्याहत्तर लागलं होतं, पण दुष्काळ तोच होता. माझे मालक बैल घेऊन जनावरांच्या छावणीत जाऊन राहिले होते. गिरणीला काम म्हणजे रेशनची लाल मिलो ज्वारी, तीही आठवड्यातून कधी तरी. तिसगावच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं होतं आणि डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं. अर्धं गाव खडी फोडायला आणि अर्धं माती वाहायला. दीरही जात होता. तो बायकांच्या रांगेत बसून खडी फोडायचा, कारण बसून करायचं काम तेवढंच. लोक त्याला "काय गं बाय" म्हणून हाक मारायचे. तो ऐकून घ्यायचा आणि घरी आला की बोलायचा नाही.

त्यात रस्त्याच्या कामावरचा हजेरी कारकून काढून टाकला. का काढला ते कोणी धड सांगत नव्हतं. दीर सातवी पास, अक्षर चांगलं. त्याने जाऊन ओव्हरसियरला विचारलं. ओव्हरसियर म्हणाला, दोन्ही कामांची हजेरी रोज सकाळी घ्यावी लागते, मधे दीड कोस अंतर आहे, पायी जमायचं नाही. "सायकल चालवत ये, मग बघू."

हे ऐकलं तेव्हाच मी म्हटलं होतं, हा नकार आहे. दिराचा पाय त्याला दिसत होता. लंगड्या माणसाला 'सायकल चालवत ये' म्हणजे 'येऊ नको' असंच सभ्य भाषेत.

दिराला सायकल येत नव्हती असं नाही. भाड्याच्या सायकलवर त्याने लहानपणापासून खूप आपटून घेतलं होतं. उजवा पाय पायडल खाली दाबायचा, पण मग डाव्याची पाळी आली की तो पाय वरच अडकून बसायचा. त्याच्यात खाली दाबायला जोरच नव्हता. चाक फिरत राहायचं, पायडल थांबायचं, आणि तो पडायचा.

"ह्या सायकलीचं पायडल थांबत न्हाई, वैनी," तो म्हणाला. "चाक फिरतंय तवर पायडल फिरतंय. आपन पाय फिरवायचा न्हाई, त्येच पायाला घिऊन फिरतं. वरती पट्टा हाय, पाय निसटत बी न्हाई. त्या भंगारवाल्यापाशी तसलं जुनं चाक टांगल्यालं हुतं. मी हातानं फिरवून बघितलं."

"मग ते चाक का न्हाई आनलं?"

"मोडलेलं हुतं. ह्ये दातेरी चक्र त्येवढं काढून घेतलं."

त्याने खिशातून एक छोटं दातेरी चक्र काढलं. मी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. आतल्या बाजूला आटे होते, दात झिजलेले नव्हते. एवढीच एक वस्तू त्या सगळ्यात मला भरवशाची वाटली. मी ती माझ्या कमरेच्या पिशवीत टाकली.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिसगावला गेलो. दिराने ओव्हरसियरला सायकल कधी दाखवायची ते ठरलेलं नव्हतं, पण फार दिवस लावता येणार नव्हते. जागा रिकामी होती आणि गावात सायकली असलेली धडधाकट पोरं बरीच होती.

सायकलचा मिस्त्री माझ्या वयाचा होता. त्याची बायको आमच्या गिरणीवर दळण आणायची, त्यामुळे तो मला ओळखत होता आणि मी त्याला. त्याने सांगाडा हातात घेतला, वर केला, खाली केला, आणि आपल्याकडचं अठ्ठावीस इंची चाक उचलून पुढच्या चिमट्यात सरकवलं. टायर चिमट्याला घासला आणि तिथेच अडकला.

"आपलं चाक यात बसत न्हाई," तो म्हणाला. "बारीक लागंल. सव्वीस इंची, अरुंद रिम. माझ्याकडं जोडी हाय."

"तुझ्याकडं कशी?"

"दवाखान्यातल्या नर्सबाईनी मागवली हुती. बदली झाली, गेल्या."

"मंजी वापरलेली."

"बाई, तुमी आधी बघा, मग बोला."

मी पाहिली. रिमला कागद गुंडाळलेला होता, कागदाला तेलाचा डाग होता, पण तार घालायच्या भोकांच्या कडा स्वच्छ होत्या. एकदा तारा ओवल्या की तिथे तारेच्या टोकाच्या निप्पलची खूण पडते. खूण नव्हती. तरी मी प्रत्येक भोक बोटाने चाचपलं.

"ठिवून जावा," मिस्त्री म्हणाला. "उद्या सांच्याला न्या."

हे 'ठेवून जा' मला चांगलं माहीत आहे. नवी वस्तू ठेवून गेलं की तिच्या जागी जुनी येते. बेअरिंगचे छर्रे बदलतात, नट बदलतात, ट्यूबला ठिगळ येतं.

"न्हाई. मी बसते हितं."

"दिसभर?"

"दिसभर."

त्याने दिराकडे पाहिलं. दिराने दुसरीकडे पाहिलं.

"बसा," मिस्त्री म्हणाला. "माझी बायको बी तुमच्या गिरनीत अशीच डोळं फाडून उभी ऱ्हाती. तरी घरी येऊन म्हनती, पायलीमागं मूठभर पीठ कमी आलं."

"दगडात ऱ्हातं ते. आधीच्या बाईचं तिला मिळतं, तिचं पुढच्या बाईला."

"तेच मी बी सांगतो तिला. पर ती म्हनती, पहिल्या बाईला कुनाचं मिळतं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याला देण्याइतकं महत्त्वाचं नव्हतं. मी रिकामा खोका ओढला आणि त्याच्या हातासमोर बसले. तो रॉकेलच्या डब्यात काहीतरी धुऊन घ्यायला वळला तेवढ्यात मी तिथल्याच एका खिळ्याने नव्या रिमच्या आतल्या बाजूला एक आडवी रेघ मारली.

"झाली खून करून?" तो पाठमोराच म्हणाला. "आता दुसरीवर बी करा. न्हाई तर म्हनाल, एकच बदलली."

मी दुसऱ्या रिमवरही रेघ मारली. त्यात लाजण्यासारखं काय होतं?

मग त्याने ते दातेरी चक्र मागितलं. मी कमरेच्या पिशवीतून काढून दिलं. त्याने ते मागच्या चाकाच्या मधोमध बसायच्या नव्या हबवर फिरवून बसवलं, आणि लगेच परत काढलं.

"नुसतं बसवून चालनार न्हाई, बाई. म्होरं पायडल मारलं की हे घट्ट हुईल. पर तुमच्या दिराला थांबायचं असंल तवा त्यो पाय उलटा दाबनार. तसा दाबला की आटे सुटनार, चक्र फिरून बाहेर येनार. अशा सायकलीला वरनं आनखी एक उलट्या आट्याची चकती असती. ती तुमच्याकडं न्हाई, माझ्याकडं न्हाई, नगरात बी न्हाई."

"मग?"

"मग पितळ भरून चक्र हबाला जाम करायचं. गॅसवाल्याकडं. पुन्हा कधी निघनार न्हाई."

कधी निघणार नाही असं काही कोणी मला सांगितलं की मला ते काम वाढवण्याचा डाव वाटतो. मी चक्र स्वतः हबवर बसवून घट्ट केलं आणि दिराला सांगितलं, उलटं फिरव. त्याने ताकद लावून फिरवलं. चक्र सुटलं. पुन्हा घट्ट केलं, पुन्हा सुटलं. एवढ्यापुरतं मिस्त्री खरं बोलत होता.

"चला," तो म्हणाला. "तुमी बी चला. गॅसवाल्याचं बी पीठ मोजा."

गॅसवाला रस्त्याच्या कडेच्या गॅरेजात बसायचा, गॅसच्या ज्योतीने ट्रकचे पाटे-पत्रे जोडायचा. एवढीशी वस्तू पाहून तो हसला. त्याने हबमधले छर्रे आधी काढायला लावले, नाही तर तापून जातील म्हणाला. मी ते छर्रे रुमालात बांधून घेतले. दोन्ही माणसं एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसली. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्याच्या रुमालात छर्रे आहेत, त्याला पुन्हा मोजायची गरज पडत नाही.

पितळ भरून झाल्यावर मी हब पाण्यात टाकायला निघाले तर मिस्त्रीने थांबवलं, आपोआप गार होऊ दे म्हणाला. तोवर त्याने पुढचं चाक ओवलं. तारा एकमेकींवरून घालताना त्याचे हात इतक्या झपाट्याने चालत की त्यात काही गडबड केली असती तरी मला कळली नसती. म्हणून मी हात न बघता तारांचा ढीग बघत बसले. जेवढ्या नव्या होत्या तेवढ्याच संपल्या. मग त्याने चाक फिरवत त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. खडूचा तुकडा रिमजवळ धरायचा, जिथे खडू लागेल तिथली तार ढिली करायची, समोरची आवळायची. हे पाहताना मात्र माझा दीर पुढे सरकला. कामाचा काय माणूस तो, पण त्याला अशा गोष्टी बघत बसायचं वेड.

शेवटी मागच्या चाकाचे नट आवळायची वेळ आली. माझं लक्ष होतं. नवे नट फळकुटावर राहिले आणि मिस्त्रीच्या हातात जुनेच होते.

"हे कसले?"

"हे चांगल्या लोखंडाचे हायेत. नवे आजकाल मऊ येतात. ह्या चाकाला साखळी वढती, फिरतानी बी आनि थांबतानी बी. नट सुटला की चाक वाकडं."

"नवे लाव."

"बाई, मी तुमच्या भल्यासाठी..."

"नवे लाव. आनि ते बी संगं दे."

त्याने नवे लावले आणि जुने कागदात बांधून माझ्या हातात ठेवले. त्यात त्याचा काही डाव होता की तो खरंच आमच्या भल्याचं बोलत होता, हे मला अजून सांगता येत नाही. घरी आल्यावर दिराने मला न विचारता जुनेच नट बसवले.

आता सायकल होती, पण चालवायची होती. यंदा पीक नसल्याने आमचं खळं मोकळं होतं, जमीन टणक आणि गोल. मधे मळणीचे बैल बांधायची मेढ उभी होती. दिराने मेढीला धरून सायकलवर टांग टाकली, वाकून डावा पाय पट्ट्यात घातला आणि पट्टा ओढला. मी मागून सीट धरली. त्याने उजवा पाय दाबला.

डावा पाय आपोआप वर आला, पुढे गेला, खाली गेला. मी पाहत होते. तो पाय जन्मात असा फिरला नव्हता. मी सीट धरून मागे पळत होते. एका फेरीनंतर मी सीट सोडली. तो फिरत राहिला. मग माझ्या लक्षात आलं की त्याला थांबता येत नाही.

"थांब की."

"कसं?"

"पाय उलटा दाब."

त्याने दाबला, सायकल हळू झाली, आणि हळू झाल्याबरोबर तो डाव्या बाजूला कलला. डावा पाय पट्ट्यात, आणि बाहेर असता तरी त्याच्यावर भार घेता आला नसता. तो आडवा झाला. हे दोन-तीनदा झाल्यावर आम्हाला कळलं की ही सायकल चालवायला अडचण नाही, अडचण उतरायची आहे. उजव्या हाताला काहीतरी टेकायला हवं. खळ्यात मेढ होती. तो मेढीजवळून हळू जायचा, मेढ धरायचा आणि थांबायचा. बाहेर रस्त्यावर मेढ कोणी पुरून ठेवलेली नसते. पण मैलाचा दगड होता, बांध होता, बाभळ होती. तो वाटेतल्या टेकायच्या जागा पाठ करू लागला.

एक दिवस आमच्या शेजारचा एक जण खळ्यावर आला आणि म्हणाला, बघू दे की जरा. दीर नको म्हणाला. तो गृहस्थ म्हणाला, सायकलीसारखी सायकल, देत नाहीस होय? मला लगेच वाटलं की हा हजेरी कारकुनाच्या जागेवर डोळा ठेवून आहे. त्याच्या पुतण्याकडे नवी कोरी सायकल होती. मी त्याला सांगितलं की सायकल अजून पुरती झालेली नाही, नट सैल आहेत. तो गेला, पण जाता जाता त्याने सायकल नीट पाहून घेतली, आणि ब्रेक नाहीत हे त्याला दिसलं असणार. त्या दिवसापासून मी सायकल गिरणीच्या आत ठेवून बाहेरून कुलूप लावू लागले.

ओव्हरसियरला दाखवायला मी दिराबरोबर गेले. त्याला एकट्याला पाठवलं असतं तर ओव्हरसियरने काहीतरी कारण काढून परत पाठवला असता आणि हा काही न बोलता परत आला असता. मी चालत गेले, तो पुढे सायकलवर. मी पोचले तेव्हा तो मैलाच्या दगडाला टेकून बसला होता आणि खडीच्या रांगेतल्या बाया हातातले हातोडे थांबवून त्याच्याकडे पाहत होत्या.

ओव्हरसियर तंबूतून बाहेर आला. पँट, बूट, डोक्यावर टोपी. पुण्याकडचा माणूस होता, बोलायला मऊ, आणि मऊ बोलणाऱ्यांचा मला नेहमीच संशय येतो.

"आलास का सायकल चालवत?"

"व्हय, साहेब."

"की ढकलत आलास?"

"चालवत आला," मी म्हणाले. "मी मागं हुते."

"तुम्ही कोण?"

"भावजय."

त्याने सायकलभोवती फेरी मारली. "याला ब्रेक कुठे आहे?"

"पायात हाय, साहेब," दीर म्हणाला.

"कोणी तरी मला सांगून गेलं होतं की तू बिनब्रेकची, उचलेगिरीची सायकल घेऊन येणार आहेस." मला कोण ते विचारायची गरज नव्हती. "उतर. मी बघतो."

दीर उतरला. ओव्हरसियरने हँडल धरलं.

"साहेब, पाय थांबवू नका," दीर म्हणाला.

"सायकल मला शिकवतोस?"

"न्हाई साहेब, पर पाय थांबवू नका."

ओव्हरसियर बसला आणि निघाला. चांगला चालवत होता. रस्ता तिथे थोडा उतरता होता. उतार लागला की जगातला प्रत्येक सायकलवाला जे करतो ते त्याने केलं: पाय सैल सोडून आरामात बसला. पायडल थांबलं नाही. उलट त्याने साहेबाचे पाय वर ढकलले, त्याला सीटवरून उचललं, आणि तो हँडलच्या शिंगांवरून रस्त्याच्या कडेला खडीत जाऊन बसला. सायकल त्याच्या पलीकडे पडली आणि तिचं चाक फिरत राहिलं.

बायांच्या रांगेत कोणी हसलं नाही. सगळ्यांनी पदर तोंडात धरले. मग मागून एकीचा आवाज आला, अगदी गंभीर:

"साहेब खडी मोजाया बसले जनू."

मग मात्र रांगच्या रांग हलली.

मला वाटलं, झालं. शेळी गेली, सायकल गेली, हजेरी गेली. सरकारी माणूस चार बायांसमोर पडला की ते तो विसरत नाही. मी सायकल उचलायला गेले, कारण घरी तरी नीट न्यायला हवी होती. चाकं तपासली. एकाही तारेला काही झालं नव्हतं, चाक आउटही झालं नव्हतं. तेवढं श्रेय मिस्त्रीला द्यायला हवं.

ओव्हरसियर उठला, पँट झाडली, टोपी उचलली. त्याचा तळहात सोलला होता. मग तो दिराला म्हणाला, "तलावावर जा. तिथल्या मुकादमाकडून आजची हजेरी घे आणि परत ये."

दीर मैलाच्या दगडाला टेकला, पट्टा ओढला आणि गेला. मी बाभळीखाली बसले. ओव्हरसियर तंबूत गेला, बाहेर आला, रस्त्याकडे पाहिलं, परत आत गेला. त्याने मागे कोणाला पाठवलं आहे का, तलावावरच्या मुकादमाला काही सांगून ठेवलं आहे का, हे मी मनात घोळवत राहिले. दीड कोस जायचं, दीड कोस यायचं. तलावाजवळ टेकायला बांध आहे, हे त्याने मला सांगितलं होतं. पण बांधावर माती टाकणं चालू असेल तर?

तो आला. शर्टाच्या आत हजेरीचे कागद खोचलेले होते. पण मैलाच्या दगडाजवळ एक बैलगाडी थांबली होती. त्याला तिथे टेकता येईना. तो तंबूच्या पुढून गेला, वळला, परत आला, परत वळला. थांबता येईना. शेवटी तो खडीच्या एका ढिगाजवळून हळू गेला आणि उजवा पाय ढिगावर टेकला. ढीग अर्धा घसरला.

"माझा ढीग इस्काटला," ती ढिगाची बाई ओरडली. "आता ह्याचं माप कोन देनार मला? तू?"

दीर उतरून हाताने खडी परत लावू लागला. ओव्हरसियरने कागद घेतले, चाळले, आणि त्याला म्हणाला, "उद्यापासून ये."

मला ते ऐकू आलं तरी पटलं नाही. माणूस तोंडघशी पडून काम देत नाही. मी पुढे गेले.

"साहेब, त्याला ठेवताय ते का?"

"म्हणजे?"

"तुमी पडलात. लोक हसले. तरी ठेवताय."

"बाई, आधीच्या कारकुनाकडे चांगली सायकल होती. रोज सकाळी ती कोणी तरी मागून नेलेली असायची. कोणाचा पाव्हणा फाट्यावर आला, कोणाला दवाखान्यात जायचं, कोणाचं रेशन आणायचं. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. हजेरी दुपारी पोचायची आणि मजुरांचे खाडे पडायचे." त्याने तळहाताकडे पाहिलं. "ही सायकल कोणी मागून नेईल असं मला वाटत नाही."

हे कारण मला पटलं, कारण त्यात त्याचा फायदा होता. दया दाखवली असती तर मी दिराला तिथून परत आणलं असतं.

"पर त्याला उतराया ढीग लागतो," मी म्हणाले. "रोज कुनाचा तरी ढीग इस्काटला तर बाया त्याला खडी मारतील."

"दोन्ही कामांवर एक-एक ढीग ठेवायला सांगतो."

घरी येताना दीर पुढे जायचा आणि परत वळून माझ्याभोवती फेरी घालायचा, कारण माझ्या चालीने हळू चालवली की तो पडायचा. मी त्याला सांगितलं, तू जा पुढं, मी येते. पण माझ्या डोक्यात तो ढीग होता. त्या कामावर पैसे मापाने मिळत. ढिगाचं माप घ्यायचं, तेवढे पैसे. कोणाचा नसलेला, रस्त्याच्या कडेला नुसता उभा असलेला ढीग कोण ठेवील? एका रात्रीत कोणी तरी टोपलीने आपल्या ढिगात ओढणार. सकाळी हा सायकलवरून येणार, टेकायला जाणार, आणि तिथे नुसती जमीन असणार. साहेबाला मोठेपणाने सांगायला काय जातं, ढीग राखायला तो थोडाच बसणार आहे?

म्हणून दुसऱ्या दिवशी मी गिरणी न उघडता त्याच्या आधी निघाले. बाया नुकत्याच रांगेत बसत होत्या. तंबूजवळ, मैलाच्या दगडापासून थोडं पुढे, खडीचा एक चौकोनी ढीग होता, नीट रचलेला, पुरुषाच्या मांडीएवढा उंच. त्याच्या चारही बाजूंनी चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती.

त्या कामावर ज्या ढिगाचं माप घेऊन झालं असेल, त्याच्यावर चुना मारायचे, म्हणजे तोच ढीग कोणी पुन्हा मोजायला दाखवू नये. चुना लागलेल्या खडीचे पैसे कोणालाच मिळत नसत, त्यामुळे तिला कोणी हातही लावत नसे. मी ढिगाभोवती फिरून चौथी बाजूही पाहिली. तिथेही रेघ होती. वरचे दगड हलवून पाहिले, ते हलत नव्हते.

रस्त्यावर दीर दिसला. चाकांचा आवाज नव्हताच. तो जवळ आला, पाय उलटा दाबून सायकल हळू केली, ढिगावर उजवा पाय टेकला आणि थांबला. वाकून त्याने डाव्या पायाचा पट्टा सोडवला. मग मुकादमाकडून हजेरीचे कागद घेतले आणि रांगेच्या पहिल्या बाईसमोर जाऊन तिला नाव विचारलं. ती काल ओरडलेलीच बाई होती. तिने नाव सांगितलं, आणि वर म्हणाली, "नीट लिव्ह. मी बघतीया."